चणे शिजणारं पाणी

रात्री आमच्या ओट्यावर दोन भांड्यांत पाणी असतं. एका वाडग्यात अप्पांची कवळी आणि शेजारच्या पातेल्यात काबुली चणे. कवळी अप्पा फक्त लग्नकार्याला जाताना लावतात. घरात तिचं टोचणं, बोलताना खडखडणं त्यांना सोसत नाही, त्यामुळे ती बिचारी बारा महिने पाण्यात. चण्यांची मात्र एका रात्रीची वस्ती. झोपण्याआधी मी दोन्हींवर ताटल्या ठेवते आणि दिवा मालवताना दर वेळी हसू येतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण लोक तोंडाने म्हणतात. आमच्याकडे ती ओट्यावर भिजत पडलेली असते.

अप्पांना आता ८६ पूर्ण झाली. चणा हा त्यांचा जन्माचा सोबती. सदऱ्याच्या खिशात कायम फुटाणे. एसटीत बसले की पहिला थांबा यायच्या आत खिसा मोकळा. बाजारच्या दिवशी भडभुंज्याच्या कढईपुढे ते उभे राहायचे, तापल्या वाळूतून चाळणीत पडणारे चणे बघत, आणि आम्हां भावंडांना वाटणी करायचे ती एकेक दाणा मोजून. रान आमचं नगर जिल्ह्यातलं. रब्बीला ज्वारी आणि हरभरा ठरलेला. घाटे भरले की बांधावर काटक्या पेटवायच्या, त्यावर डहाळे टाकायचे आणि काळे हात, काळी तोंडं करून हावळा खायचा. त्या खाण्यात अप्पा पोरांत पोर व्हायचे.

हरभऱ्याचं पीक नुसतं दिसायला गरीब. थंडीतल्या पहाटे त्याच्या पानांवर जे ओलं दिसतं ते निव्वळ दव नसतं, त्यात झाडाची आंब उतरलेली असते. अनवाणी त्यातून गेलं की पोटऱ्या चुणचुणायच्या. आई संध्याकाळी धुतलेलं पांढरं फडकं पिकावर अंथरायची आणि दिवस वर यायच्या आत ते ओलंचिंब फडकं पितळी वाटीवर पिळायची. वाटीभर आंब निघाली तर डोक्यावरून पाणी. ती बाटलीत भरून फडताळात जायची, कुणाचं पोट दुखलं की चमचाभर. जिभेवर ठेवताच डोळे मिटायचे, इतकी आंबट. हे झाड पानांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं पाझरतं, हे मी पुढे शाळेत शिकले. आणि अंगभर आंबट असलेल्या या झाडाचा दाणा चुलीवर चढला की आंबटाचा वैरी होतो, हे शिकायला मला थेट शारजाला जावं लागलं.

१९९६ साली नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिकडे गेलो. आमच्या खालच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी बाई मुलाकडे राहायची. साठीची, बुटकी, चालताना एका पायावर झुकणारी. सगळी बिल्डिंग तिला 'खालती' म्हणायची. मला कित्येक दिवस वाटत होतं, ती खाली राहते म्हणून खालती. अरबीत खालती म्हणजे मावशी, हे कळलं तेव्हा मी माझी फजिती तिला हातवारे करून सांगितली. तिनं विचारलं, मग तुमच्या भाषेत वर राहणाऱ्या बाईला काय म्हणतात? मी म्हटलं, वरती. झालं. त्या दिवसापासून मी तिची 'वरती' झाले. जिन्याच्या तळाशी उभी राहून ती हाक मारायची, "या वरती!" आणि मी खाली जायचे.

तिच्याकडून पहिल्यांदा आली ती एक खोलगट थाळी. फिक्या मऊ रंगाचं काहीतरी, चमच्याच्या पाठीनं गोल फिरवून मध्ये आळं केलेलं, आळ्यात ऑलिव्हचं तेल आणि अगदी मधोमध चार-पाच अख्खे चणे. सोबत गरम खुब्जच्या रोट्या, लोणच्यातल्या काकड्या आणि कच्च्या कांद्याच्या पाकळ्या. सकाळचे आठ वाजले होते. हा हमस. तिच्या मुलखात तो न्याहारीला खातात. तिथल्या हमसवाल्यांच्या दुकानात पहाटे शिजवलेलं पातेलं दुपारपर्यंत संपतं आणि मग दुकान बंद होतं. मी खुब्जचा तुकडा मोडून त्याची घडी केली, हमस उचलला, तोंडात ठेवला आणि चावायला गेले. चावायला काही नव्हतंच. चणे आहेत हे फक्त वासानं कळत होतं.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज तिलाही ठाऊक होता. संक्रांत नुकतीच झाली होती, मी थाळीत तिळाचे लाडू घालून नेले. तिनं एक फोडला, दाणे बोटावर घेतले आणि ओरडली, "सिमसिम!" मग मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन एक बरणी पुढे धरली. वर तेल, खाली दाट मातकट पांढरा लगदा. ताहिना. अरबीत दळण्याला जो धातू आहे त्यावरून हा शब्द. माझा लाडू आणि तिची बरणी, दोन्हींत तीळच. हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ सापडले आहेत. या दाण्याची पहिली शेती आपल्याच उपखंडात झाली आणि इथून तो पश्चिमेला गेला. चणा त्याच्या उलट वाटेनं आला. त्याचं मूळ घर आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यात, तिथे त्याचा रानटी भाऊबंद अजून डोंगरउतारांवर उगवतो. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी चणा शेतात आणला. आपल्या छोट्या, तपकिरी, चोचदार हरभऱ्यापेक्षा हा मोठा पांढरा दाणा आपल्याकडे बराच उशिरा आला आणि काबूलच्या वाटेनं आला म्हणून काबुली, असं सांगतात. आता जगातला निम्म्याहून जास्त हरभरा भारतात पिकतो, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विराट' हा काबुली वाण आमच्या शेजारच्या रानातही असतो. तीळ इथून तिकडे गेला, चणा तिकडून इकडे आला. दोघं एका थाळीत भेटले ते मात्र खालतीच्या मुलखात.

अरबीत हुम्मुस म्हणजे मुळात चणाच. त्या पदार्थाचं पूर्ण नाव हुम्मुस बि-ताहिना, ताहिना घातलेले चणे. आपण 'पिठलं' म्हणतो तितकं साधं नाव. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या सीरिया आणि इजिप्तच्या पाकग्रंथांत वाटलेल्या चण्यांच्या कृती आहेत, त्यांत आंबटपणा व्हिनेगरचा आणि खारवलेल्या लिंबांचा. म्हणजे या थाळीला सुमारे सातशे वर्षांचा लेखी पुरावा आहे, आणि त्याआधी न लिहिता किती पिढ्यांनी चणे कुटले असतील त्याला हिशेब नाही. इतकं जुनं अन्न असलं की त्यावर मालकी सांगणारेही निघतात. २०१० साली इस्रायलमधल्या अबू घोष गावानं चार टनांहून जास्त हमस एका थाळीत करून विक्रम केला, तर त्याच वर्षी लेबनॉननं १०,४५२ किलोंचा केला. हा आकडा आला कुठून? लेबनॉनचं क्षेत्रफळ तितके चौरस किलोमीटर. ही बातमी वाचली तेव्हा मला खालतीची थाळी आठवली. चौघांना पुरेल एवढीच.

ती थाळी खाऊन मला चेव आला. मी चणे भिजवले, कुकरला चार शिट्ट्या काढल्या, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात लसूण-लिंबासकट फिरवले. फिरवत राहिले. मोटर तापली, भांड्याच्या बुडाला वास आला, मी थांबले, परत फिरवलं. झालं ते रवाळ. जिभेवर वाळू यावी तसं. नारळाशिवायची चटणी म्हणून खपलं असतं. तेच मी ऐटीत खाली नेलं. खालतीनं तुकडा तोंडात घातला आणि तो तिला चावावा लागला. चावता चावता ती म्हणाली, "तय्यिब," छान आहे, आणि मग फार अदबीनं विचारलं, हा तुमच्याकडचा कुठला पदार्थ?

मी मिक्सरला शिव्या घातल्या. पातं बोथट आहे, मोटर कमी ताकदीची आहे, तुझ्याकडचं यंत्र दे. तिनं मिक्सरचं नावही काढू दिलं नाही. एवढंच विचारलं की चणे किती वेळ शिजवले.

दुसऱ्या दिवशी "या वरती!" ऐकून मी खाली गेले तर शेगडीवर उघडं पातेलं होतं आणि त्यात रात्रभर भिजून दुप्पट झालेले चणे. वर पांढरा फेस येत होता, ती तो डावानं काढून टाकत होती. अर्ध्या तासानं तिनं एक चणा उचलला, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला. तो चिरडला. मला वाटलं, झालं. ती म्हणाली, "लिस्सा." अजून नाही. पंधरा मिनिटांनी परत एक. आता तो सहज चपटा झाला. "लिस्सा." मी मनात म्हटलं, बाई, आता याचा गाळ होईल. आणि तिथेच माझी चूक होती. मी उसळ करणाऱ्या घरातली. उसळीत दाणा मऊ हवा पण अख्खा राहिला पाहिजे, मोडला की सासरी-माहेरी दोन्हीकडे नाव खराब. आपल्या हाताला थांबायची जागा ठाऊक असते आणि आपण तिथे आपोआप थांबतो. उसळ जिथे बिघडते तिथून हमस सुरू होतो, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं. शेवटी तिनं एक चणा दोन बोटांत नुसता धरला. दाबलाच नाही. तो आपल्याच वजनानं बसला आणि बोटांवर नुसता साका उरला. "इस्तवा," ती म्हणाली. झाला. मिक्सर दाण्याचे तुकडे करू शकतो, त्याला मऊ करू शकत नाही. जे शिजताना सुटलं नाही ते वाटताना सुटत नाही.

मग तिनं कपाटातून एक डबी काढून दाखवली. कार्बोना. आपला खाण्याचा सोडा. वाटीभर चण्यांना भिजवताना एक छोटा चमचा, ते पाणी ओतून चणे स्वच्छ धुवायचे, शिजवताना परत अर्धा. जास्त नाही, नाहीतर साबणाची चव येते. सोड्याशिवाय का नाही, हे विचारल्यावर तिनं रसायनशास्त्र सांगितलं नाही, आपली गावं सांगितली.

तिचा जन्म याफाचा, समुद्रकाठी, संत्र्यांच्या बागांमधला. तिथल्या विहिरींची तिला आठवण होती, चणे शिजायला किती वेळ लागायचा याची नव्हती, तेव्हा ती बारा वर्षांची होती. १९४८ साली घर सुटलं आणि ते लोक नाब्लुसला गेले. नाब्लुस डोंगरातलं, झऱ्यांचं गाव, पण ते झरे चुनखडीतून येतात. तिच्या आईनं तिथे पहिल्यांदा चणे चढवले तेव्हा सकाळ उलटून गेली तरी ते शिजेनात. आई रडली. घर गेलं तेव्हा रडली नव्हती, चणे शिजेनात तेव्हा रडली. मग शेजारणीनं चिमूटभर कार्बोना आणून दिला. पुढे लग्न होऊन खालती कुवेतला गेली, तिथलं पाणी समुद्राचं, कारखान्यात गोडं केलेलं. तिथे सोडा अर्धा पुरायचा. १९९०-९१ च्या आखाती युद्धानंतर तिथूनही निघावं लागलं आणि ती शारजाला आली, पुन्हा गोड्या केलेल्या समुद्राच्या पाण्यावर. हे सगळं ती मला सनावळीत सांगत नव्हती. बोटांवर सांगत होती, इथे इतका वेळ, तिथे इतका वेळ. तिच्या आयुष्यातली गावं तिनं चणे शिजायच्या वेळेवरून लावून ठेवली होती.

त्यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. चण्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं ते पेक्टिन. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं, म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो, की ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. आम्लातही ते सहजी सुटत नाही. डाळ शिजायच्या आत आमटीत चिंच-आमसूल टाकू नये, हे आईनं मला न सांगता शिकवलं होतं, त्याचं कारण हेच. सोडा नेमका उलटा, तो पेक्टिन सैल करतो, पेशी सुट्या होतात आणि साल आपणहून निघू लागतं. जुना, वर्ष-दोन वर्षं डब्यात राहिलेला चणा मात्र कशालाच दाद देत नाही, म्हणून खालती दुकानदाराला नवी पोती फोडायला लावायची.

उरलेलं काम थंड डोक्याचं. लसणाच्या तीन पाकळ्या मीठ घालून ठेचायच्या आणि दोन लिंबांच्या रसात दहा मिनिटं ठेवायच्या. आंबटात पडला की लसणाचा उग्रपणा वाढत नाही, मागे नुसता वास राहतो. मग त्यात ताहिना, जवळजवळ कोरड्या चण्यांच्या वजनाइतकी. पाव किलो चण्याला दोनशे ग्रॅमच्या वर. मला ते माप ऐकून धक्काच बसला होता, मी चमचाभर घातली होती. ताहिना लिंबाच्या रसात पडली की आधी बिघडते. घट्ट होते, गोळा होतो, चमचा उभा राहतो. नवखी बाई इथे घाबरते. ताहिना म्हणजे तेलात भिजलेल्या तिळाच्या कण्या, थोडं पाणी मिळालं की त्या एकमेकींना चिकटतात. तिथे थांबायचं नाही. बर्फाचं पाणी घालायचं, एकेक चमचा, "श्वय्या श्वय्या". हळूहळू. अर्धी वाटी पाणी जिरता जिरता गोळा एकदम सुटतो, रंग उजळतो आणि दह्याच्या चक्क्यासारखं लुसलुशीत काहीतरी तयार होतं. तेल आता पाण्यात बारीक विखुरलेलं असतं. आपण तिळाचं कूट करताना जरा जास्त फिरलं आणि तेल सुटलं की "गेलं" म्हणतो. तिच्याकडे तिथून पुढेच सगळं होतं. तिनं माझ्या वाटीतल्या तेल सुटलेल्या कुटाकडे बघून एकदा म्हटलं होतं, तू फार लवकर थांबतेस, वरती.

त्यानंतर गरम चणे. गार नाही, गरम. चटका बसेल इतके गरम असतानाच एकटे फिरवायचे, लापशीसारखे होईपर्यंत, मग त्यात ती ताहिना ओतायची, मीठ, पाहिजे तर चण्याच्याच पाण्याचे दोन चमचे. वाटलेला हमस आधी सैल वाटतो, गार होता होता घट्ट बसतो. त्यामुळे मिक्सरमध्ये असताना तो हवा त्याहून थोडा पातळच ठेवायचा. "नाएम," ती चाखून म्हणायची. मऊसूत. अरबीत या शब्दाचा अर्थ कोवळा, मृदू, बारीक दळलेला, असा सगळाच आहे.

२००३ साली तिचा मुलगा अम्मानला गेला आणि ती त्याच्याबरोबर गेली. सुरुवातीला आम्ही फोन करायचो. दोघींची मोडकी अरबी, मोडकं इंग्रजी. एकदा मी विचारलं, तिकडे कसं आहे? बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "चणे शिजतात." मला त्यात सगळं कळलं. पुढे तिचा नंबर बदलला, माझाही बदलला.

आई गेल्यावर आम्ही नगरला परत आलो. अप्पांचे शेवटचे चार दात दोन वर्षांपूर्वी काढले. फुटाण्यांचा खिसा रिकामा झाला. ते काही बोलले नाहीत, पण बाजारातून येताना भडभुंज्याच्या कढईपुढून जायचं टाळून दुसऱ्या गल्लीनं येऊ लागले. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला चणेच खाऊ घालते. शारजात शेकडो वेळा केलेला हमस, हात बसलेला. रात्री चणे भिजवले, सकाळी चढवले. एक तास. दाबला, कच्चा. दीड तास, दोन तास. सोडा तितकाच, चणे नवे, तरी आतला गर करकरीत. मी पातेल्यासमोर उभी राहून स्वतःशीच म्हणाले, "लिस्सा."

अप्पा दारात उभे होते. म्हणाले, "बोअरचं पाणी आहे ते. तुझी आई त्यात डाळ लावायची नाही."

आणि मला ते पाणी आठवलं. ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं. आई प्यायचं पाणी नळाचं भरायची, पण पुरणाच्या दिवशी एक कळशी लांबून, त्या विहिरीवरून आणायची. आम्हाला वाटायचं सणाचं काहीतरी सोवळं असेल. ते चणाडाळ शिजवायचं पाणी होतं. गावात कुठल्या विहिरीत डाळ शिजते आणि कुठल्यात नाही, हे सगळ्या बायकांना पाठ असायचं, जसं कुठल्या घरात लेक द्यावी आणि कुठल्या नाही. आणि मग आईचं पुरण एकेक करून समोर आलं. शिजली का ते बघायला ती डाळ दोन बोटांत धरायची. डाळ उकळती असतानाच पुरणयंत्रावर घ्यायची, गार झाली की पुरण रवाळ होतं म्हणून आमच्या अंगावर ओरडायची. डाळीचं पाणी फेकायची नाही, कट काढून ठेवायची. खालतीनं मला जे जे शिकवलं ते ते आईच्या हाताला येत होतं. मी तेराशे मैलांवर जाऊन माझ्याच घरातली गोष्ट शिकून आले होते, एवढ्यासाठी की घरी असताना मी कळशी उचलायला कधी गेले नाही.

ती विहीर आता बुजली आहे. मी फिल्टरचं पाणी घेते, त्यातलं कॅल्शियम यंत्रानं काढलेलं असतं, आणि सोडा खालतीच्या मापानं. तासाभरात चणे बोटावर विरघळतात. सालं काढायचं काम अप्पांनी आपल्याकडे घेतलं आहे. शिजलेले चणे मोठ्या पातेल्यात थंड पाण्यात घेऊन ते हलक्या हातानं चोळतात, सालं वर तरंगली की पातेलं कलतं करून ती पाण्याबरोबर सोडून देतात. तांदूळ रोळताना आई जशी हात फिरवायची तसाच त्यांचा हात फिरतो. चारदा पाणी बदललं की पातेल्यात नुसते गुळगुळीत, दोन फाकांचे चणे राहतात. मग मी ते पुन्हा उकळत्या पाण्यात घालून गरम करते आणि वाटते.

पहिल्या दिवशी अप्पांपुढे थाळी ठेवली तेव्हा ते बराच वेळ नुसते बघत होते. तेल घातलेलं आळं, वर जिऱ्याची चिमूट, मधोमध चार अख्खे चणे. खालती म्हणायची, ते चार चणे ठेवायचेच. पाहुण्याला कळायला हवं की हे आधी काय होतं. अप्पांनी भाकरीचा मऊ पापुद्रा काढला, हमस लावला, तोंडात घोळवला.

"पुरण आहे का गं हे?" ते म्हणाले. "गूळ राहिला."

मी हसले. म्हटलं, अप्पा, हे चणे आहेत. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसरा घास घेतला, तिसरा. अर्धी भाकरी संपली तरी ते चाखतच होते, जिभेनं वाटलेल्यात काहीतरी शोधत. मग त्यांनी थाळीच्या मध्यावरचा एक अख्खा चणा उचलला. डोळ्यांजवळ नेला, त्याची चोच बघितली. तोंडात टाकायच्या आधी तो अंगठा आणि तर्जनीत धरला आणि अगदी हलकेच दाबला.

"शिजलाय," ते म्हणाले.